सोळा दांपत्यांनी दाबलेली भिंत

आमच्या भिंतींत पेंढा किती गेला ते यांना माहीत; किस्से किती साचले ते मला. हळदीकुंकवाला बायका जमल्या की वाटली डाळ हातात तशीच राहते आणि सुरू होतं, "काकू, ते भिंतीचं सांगा ना!"

हे मुंबईला कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसमध्ये कारकून होते. साहेबाने टाकून दिलेल्या एका मासिकात यांनी अमेरिकेतलं घर पाहिलं. दाबलेल्या पेंढ्याच्या गाठी विटांसारख्या रचायच्या, वरून मातीचा गिलावा. नोकरी सोडून रत्नागिरीस आले ते तेच पान खिशात घेऊन.

सासूबाई आमच्याच आळीत थोरल्या दिरांकडे राहत. नव्या घरी त्यांनी आमच्यापाशी राहावं, अशी माझी फार इच्छा. पण त्यांनी सांगून टाकलं, "पेंढ्यात गुरं राहतात. मी यायची नाही." देवापुढे मी रोज तेवढंच मागत असे.

•

गाठी बांधायला प्रेस कुठून आणायचा? यांनी सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली. पेंढा भरायचा, वर झाकण, झाकणावर जड माणसं बसवायची आणि काथ्याने आवळायचं. जड माणसं मिळेनात.

तेवढ्यात माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन आलं. सोळा दांपत्यं पुरणपोळी जेवून उठली, आणि विडा घेण्याआधी यांनी एकेका जोडप्याला झाकणावर बसायची विनंती केली! वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशेजारी बसायचं म्हणून बायका लाजून अर्ध्या झाल्या. एक गाठ मात्र बांधून झाली तरी झाकण मोकळं होईना. वर आमच्या यमूआत्या आणि त्यांचे सत्तरीचे यजमान, आबा.

आत्या म्हणाल्या, "बोहल्यावरून उठल्यावर आजच शेजारी बसलोय. जरा बसू दे की!"

•

रघू गवंड्याचा सगळा जन्म जांभ्याच्या चिऱ्यांत गेलेला. पेंढ्याच्या पहिल्या थराला त्याने ओळंबा लावला, मागे सरून बराच वेळ पाहिलं, मग ओळंबा गुंडाळला.

"वैनी, भित सरळ हाय का ते मी सांगेन. ती भित हाय का, ते तुमी सांगा."

•

घर उभं राहिलं आणि गाव बघायला लोटला. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीत बोट खुपसून बघे. ओला गिलावा, त्याची चाळण झाली. हे चिडले. मी भोकाभोकावर देवाची एकेक तसबीर टांगली. मग येणारा बोट पुढे करी, समोर दत्तगुरू दिसले की तोच हात कपाळाला नेई.

आमची ओटी त्या वर्षी देवळासारखी दिसत होती.

•

पावसाळ्यात मागच्या भिंतीच्या कोपऱ्याचा गिलावा हातभर निघाला. वसुबारसेला मी गाय-वासराची पूजा तिथेच मांडली, ही माझी चूक. सासूबाई पूजेपुरत्या अंगणात आल्या होत्या. मी निरांजन ओवाळतेय आणि गाय भिंत खातेय!

हे ओरडले, "अगं, हाकल तिला!"

"अहो, आज? आज मी तिच्यावर हात उगारू?"

आरती पूर्ण होईपर्यंत तिने कोपरा मोकळा केला. सासूबाई काही बोलणार, तोच हे आनंदाने भोकाशी वाकले.

"आई, बघ! चार महिने पाऊस खाऊन आतला पेंढा कोरडा आहे. बुरसला असता तर हिने तोंड लावलं असतं का?"

सासूबाईंनी गाईकडे पाहिलं. तिच्याशी वाद घालणं त्यांना जमेना.

•

पुढच्या वैशाखात एका दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला होता. सासूबाई आल्या. म्हणाल्या, कोपरा नीट बुजवला की नाही ते बघते नि जाते. माजघरात गार होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या, आणि थोड्याच वेळात घोरू लागल्या. मी पायांचा आवाज न करता पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि देवाला हात जोडले.

चार वाजता त्या उठल्या. मी म्हटलं, "झोप लागली ना?"

"झोपत्ये कसली? भिंत पडते का ते डोळे मिटून ऐकत होत्ये."

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच त्या परत आल्या. काखेत उशी होती.

"एका दिवसात काय कळतंय," म्हणाल्या. "ही उशी इथेच राहू दे."