दातांचा कॅमेरा

शनिवार पेठेत डॉ. अपूर्वा सहस्रबुद्धे यांचा दातांचा दवाखाना आहे. आत मशीनचा आवाज सुरू झाला की बाहेर बाकावर बसलेल्यांचे चेहरे उतरतात, म्हणून मॅडमनी बाकासमोर तीन फुटी फिशटँक ठेवला होता. त्यात एंजल माशांची एक जोडी, एक निळा गोरामी, आठ-दहा इवलेसे टेट्रा आणि दिवसभर काचेला तोंड लावून बसणारा एक सकर. त्यांचं सगळं कौशल्या इंगोले करायची. खरं तर तिचं काम अपॉइंटमेंट लिहिणं, फोन घेणं आणि हत्यारं स्वच्छ करून ठेवणं. माशांचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. कामाला लागली त्या आठवड्यात पाणी गढूळ दिसलं म्हणून तिनं बादली उचलली, ती नऊ वर्षं झाली तरी तिच्याच हातात होती.

कौशल्या मूळची वाशीमकडची. नवरा ज्ञानदेव हडपसरच्या एका कारखान्यात फिटर. सकाळी हडपसरहून स्वारगेट आणि तिथून दुसरी बस, असा तिचा रोजचा प्रवास. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असायचा; पण तेवढ्यात घरी जाऊन परत येणं काही जमण्यासारखं नव्हतं. मग ती टँकसमोरच्या बाकावर बसून राहायची. कुठला मासा कुणाला ढुशा देतो, कोण कुठल्या पानाआड निजतो, सगळं तिला पाठ झालं होतं.

मॅडम उपचाराआधी आणि उपचारानंतर पेशंटच्या दातांचे फोटो काढत. त्यासाठी अगदी जवळून टिपणारी लेन्स आणि लेन्सभोवती गोल फ्लॅश असलेला कॅमेरा होता. मागच्या वर्षी नवा आला आणि जुना खणात जाऊन पडला. दोन-तीन महिने कौशल्या तो खण उघडायची, कॅमेऱ्यावरची धूळ पुसायची आणि परत ठेवून द्यायची. शेवटी एक दिवस धीर करून म्हणाली, "मॅडम, हा माशांवर चालवून बघू का?"

मॅडम मास्क खाली ओढून हसल्या. "बघा की, कौशल्याताई. मासे 'आ' करतात, पण सांगितल्यावर करत नाहीत हं!"

पहिल्या दुपारी तिनं त्रेसष्ट फोटो काढले. जवळजवळ प्रत्येकात मधोमध एक पांढरीशुभ्र बांगडी होती. फ्लॅश काचेवर आपटून परत येतो हे तिला कुठलं ठाऊक असायला! बांगडीच्या आसपास कुठंतरी मासा असायचा, तोही पाणी सांडलेल्या शाईसारखा पसरलेला. कौशल्यानं सगळे पुसून टाकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच काढले.

त्या सुमारास लिमयेकाकांची कवळी चालू होती. दिगंबर लिमये, वय चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर फोटोग्राफीचा नाद केलेला माणूस. चारची वेळ दिली की साडेतीनलाच दारात हजर. कौशल्यानं कॅमेरा घाईनं टेबलाखाली सरकवला, पण त्यांनी तो पाहिलाच.

"आणा इकडे," ते म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक फोटो पाहिला. "फ्लॅशचे फोटो छान आलेत, बाई. मधेमधे मासे येतायत, तेवढं बघा."

कौशल्याचा चेहरा पडला. पण पुढची पंचवीस मिनिटं काका बाकावरून हलले नाहीत. फ्लॅश बंद ठेवा. खोलीतले दिवे घालवा, फक्त टँकचा दिवा राहू द्या. काच आतून-बाहेरून पुसा. लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, आणि सरळ धरा. तिरकी धरलीत की मासा फुगतो. शटरचा वेग वाढवा. "आणि माशाच्या मागे धावू नका. तो यायचा तिथे आधीच फोकस लावून बसा. पोस्टमनची वाट बघतात तसं. डोळा स्पष्ट आला पाहिजे. बाकी सगळं धुरकट असलं तरी चालेल."

"आणि काका, काचेत माझीच साडी दिसते."

"मग काळा ड्रेस घाला. आपण दिसायचं नाही, मासा दिसायचा."

दुसऱ्या दिवशी कौशल्या काळा कुडता घालून आली. ज्ञानदेवनं सकाळी विचारलं, "काय वं, मासोयांचे फोटो काढाले पुन्यात आलो काय आपुन?" ती हसली आणि बस पकडायला निघाली.

महिनाभरात तिचा हात बसला. गोरामीचा लालसर डोळा एकदा असा आला की मॅडमनी तो फोटो मोबाइलवर मागून घेतला. अकोल्याला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीनं, उत्कर्षानं, फोनवर विचारलं, "आई, हे तू काढलंस? खरंच?" कौशल्याला त्या 'खरंच'चा रागही आला आणि बरंही वाटलं.

आणि मग एका मंगळवारी एंजलच्या मादीनं फिल्टरच्या नळीवर अंडी घातली. मोहरीएवढी, पारदर्शक, ओळीनं चिकटवलेली. नर आणि मादी आळीपाळीनं त्यांना पंखांनी वारा घालत होते. कौशल्याला दुपार कधी होते असं झालं. एक वाजता दार लावलं आणि तिनं कॅमेरा घेतला. पण नळी होती कोपऱ्यात, समोर पानांचा झुबका. फोटो काळे येत होते. तिनं बाही वर केली, टँकमध्ये हात घातला आणि झुबका उपटून बाजूला केला. तरी अंधारच. मग तिनं गोल फ्लॅश लेन्सवरून काढून हातात धरला आणि वरून पाण्यावर उजेड मारला. एकदा, दोनदा, चाळीसदा. नर काचेवर धडका देत होता. तिला वाटलं, काय सुंदर पोझ देतोय.

चहा घेऊन परत आली तर नळी अर्धी रिकामी होती. मादी एकेक अंडं टिपून गिळत होती. कौशल्यानं काचेवर हात आपटला, "अगं, काय करतीस!" पण ती थांबली नाही. पाच मिनिटांत नळी कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी लिमयेकाका आले तेव्हा कॅमेरा खणात होता. काय झालं ते तिनं सांगितलं.

"कॅमेरा शिकवला तुम्हाला," काका म्हणाले. "शेजारधर्म शिकवायचा राहिला."

कौशल्या अपॉइंटमेंटच्या वहीत मान घालून बसली. काकांनी थोडा वेळ टँककडे पाहिलं, मग खुर्ची ओढून तिच्या टेबलाजवळ आले.

"घाबरले की स्वतःचीच अंडी खातात ते. तुम्ही तरी मासे घाबरवलेत. मी वेताळ टेकडीवर बुलबुलाचं घरटं टिपायला फांदी दोरीनं बांधून बाजूला ओढली होती. ऊन लागलं पिल्लांना. संध्याकाळी गेलो तर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "चाळीस वर्षं झाली. तो फोटो कुणालाही दाखवलेला नाही. आमच्या हिलासुद्धा नाही."

"मग तुम्ही फोटो काढणं सोडलं नाहीत?"

"घरट्यांचे सोडले. बाकीचे काढले." इतकं बोलून ते आत दात बसवायला गेले.

कौशल्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. पण झुबका होता तिथं परत लावून टाकला. पंधरा-सोळा दिवसांनी मादीनं पुन्हा अंडी घातली. कौशल्यानं टँकच्या दोन बाजूंना तपकिरी कागद चिकटवले आणि येईल त्या पेशंटला बजावलं, "काचेला हात लावू नका हं, बाळंतीण आहे." एका आजोबांनी तर चपलाही बाहेर काढल्या.

तिसऱ्या दिवशी अंड्यांच्या जागी शेपट्या वळवळायला लागल्या. त्या दुपारी तिनं कॅमेरा काढला. दिवे घालवले, स्टूल दोन हात लांब ठेवलं, फ्लॅश नाही. नुसती बसून राहिली. अर्ध्या तासानं एक पिल्लू नळीवरून सुटून खाली पडायला लागलं. नरानं झेप घेऊन ते तोंडात धरलं. कौशल्याला वाटलं, खाल्लं! पण नर हळूच वर गेला आणि त्यानं ते पिल्लू फुंकर मारावी तसं परत नळीवर चिकटवलं. बटण दाबायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मग दुसरं सुटलं, तिसरं सुटलं. चौथ्या वेळी तिनं दाबलं.

लिमयेकाकांनी तो फोटो फार वेळ पाहिला. दाणेदार आला होता, अंधारा होता. नराच्या ओठांतून केसाएवढी एक शेपटी बाहेर आली होती.

"डोळा स्पष्ट आहे," ते म्हणाले, आणि कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला.

पुढं बरीचशी पिल्लं पोहायला लागताच गोरामीनं आणि टेट्रांनी मटकावली. कौशल्यानं कपानं गोळा करून नऊ वेगळ्या टबात ठेवली, त्यातली पाच जगली. फोटोची एक प्रत मॅडमनी बाकाच्या वर लावली, एक कौशल्या घरी घेऊन गेली.

ज्ञानदेव जेवून उठला होता. त्यानं हात पुसले आणि फोटो ट्यूबच्या उजेडात धरला. "हा काय खाऊन रायला?"

"खाऊन नाही रायला. पडलेलं पिल्लू उचलून ठिवते. बाप हाये तो."

"बाप?" त्यानं फोटो आणखी जवळ घेतला. "उद्या मले सुटी हाये. येऊ काय पहाले?"

नऊ वर्षांत तो कधी दवाखान्याच्या दारातही आला नव्हता. "या," कौशल्या म्हणाली.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, टबाशी उकिडवा बसला आणि चार वाजेपर्यंत हलला नाही. पहिल्या पेशंटबाई आत आल्या, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच कौशल्याला विचारलं.

"आमचे हे," कौशल्या म्हणाली. "मासे बघायला आलेत."