देवाच्या पैशाचे राखणदार

चोर परवडला, पण आपण चोर नाही याचा ज्याला माज आहे, तो माणूस नको. हे माझं मत नेपरव्हिलमध्ये, एका अमेरिकन चर्चच्या तळघरात तयार झालं आणि ते बदलायची गरज मला अजून वाटलेली नाही.

त्या तळघरात रविवारी दुपारी आमची मराठी मंडळी भरायची. नगर, पुणे, नागपूरकडची पंधरा-वीस ख्रिस्ती कुटुंबं. वर अमेरिकन लोकांची उपासना आटोपली की खाली आमची सुरू. संडे स्कूलच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचं, गीतं म्हणायची, दानार्पण करायचं, मग बिर्याणी. खजिनदार होते एक काका. पुण्याला बँकेत साहेब होते, निवृत्त होऊन मुलाकडे आले होते. इथे त्यांना गाडी चालवता येत नव्हती, सून काही विचारत नव्हती, नातवंडं इंग्रजीत उत्तरं द्यायची. उरला होता तो मंडळीचा पैसा. त्यावर ते धनावरच्या नागासारखे बसले होते.

मंडळीची रोकड आणि चेकबुक एका लोखंडी पेटीत असायचं आणि पेटीला दोन कुलपं. एकाच माणसाच्या हाती तिजोरी कधी द्यायची नाही, ही बँकेतली पद्धत, असं काका सांगायचे. म्हणून एक चावी काकांकडे आणि दुसरी काकूंकडे. दोन्ही चाव्या एकाच घरात, एकाच कपाटात, आणि काकूंनी नवऱ्याला कधी नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तरी सगळे माना डोलवायचे. एरवी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पगार घेणारी ही माणसं. पण काकांना विचारणार कोण? ते पडले वडीलधारे.

अकरा सप्टेंबरला ते जुळे टॉवर पडले, त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांनी बायबलमधल्या कारभाऱ्यांवर अभ्यास सुरू केला. पोटीफराचं सगळं घर सांभाळणारा योसेफ झाला. शिष्यांची थैली वाहणारा आणि तिच्यात हात घालणारा यहूदा झाला; त्याच्यावर तर दोन रविवार. मग मंदिराच्या दुरुस्तीसाठी, झाकणाला भोक पाडून वेदीशेजारी ठेवलेली ती पेटी. राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून तिच्यातले पैसे मोजायचे. "बघा, ड्युअल कंट्रोल!" काका टाळी वाजवून म्हणाले. त्याच गोष्टीत पुढे असं आहे की ते पैसे ज्या मुकादमांच्या हाती दिले, त्यांच्याकडून कुणी हिशेब मागत नसे, कारण ती माणसं सचोटीची होती. तेवढं काकांनी गाळलं. मी घरी जाऊन वाचलं म्हणून कळलं.

त्याच सुमारास मंडळीतल्या एका नागपूरच्या मुलाची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसा गेला आणि इन्शुरन्सही. बायकोचा सातवा महिना सरत आलेला. इथे बाळंतपण म्हणजे जन्मभर फेडत बसायचं बिल. नागपूरला तिची आई होती. ती फार अवघडायच्या आत दोन तिकिटं काढून निघायचं, एवढंच काम होतं. मी आणि माझ्या नवऱ्याने पैसे देऊ केले. तो म्हणाला, "नको ताई. मंडळीचे घेईन, एकट्या कुणाचे नाही घेणार."

मंडळीचा मदत फंड होताच. कापणीच्या सणाला एकच भोपळा लिलावात घ्यायचा, परत दान करायचा, पुन्हा त्याच्यावर बोली लावायची, असं करून करून आम्ही तो वाढवला होता. गरजूंसाठी, असं दर वर्षी जाहीर व्हायचं.

"अर्ज दे, कमिटीपुढे ठेवतो," काका त्या मुलाला म्हणाले. एका रविवारी बर्फामुळे कमिटी जमली नाही. पुढच्या वेळी एक मेंबर इंडियाला गेलेला. त्यानंतर कशासाठी पुढे ढकललं ते मला आठवतही नाही. शेवटी मी काकांना बाजूला घेतलं.

"काका, पेटी उघडा ना. कमिटी नंतर अप्रूव्ह करेल."

"तुला वाटतं तेवढं सिंपल नाही. उद्या दहा जण मागतील. देवाचा पैसा आहे हा, बाळ."

"देवाला कुठे जायचंय, काका? तिकीट यांना हवंय."

ते हसले, लहान मुलाकडे बघून हसावं तसे. मला त्या हसण्याची किळस आली. पण त्याहून जास्त आली ती आजूबाजूला बिर्याणीच्या प्लेटी धरून उभ्या असलेल्या, सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या आमच्या माणसांची.

मग अभ्यासाचा शेवटचा रविवार आला. परदेशी जाणारा धनी आपल्या तीन दासांकडे पैसे सोपवतो, ती दाखल्याची गोष्ट होती. दोघं पैसे दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. आमच्यात उतारा पाळीपाळीने वाचतात, आणि त्या दिवशी वाचायची पाळी आली त्या नोकरी गेलेल्या मुलाच्या बायकोची. बुटक्या खुर्चीत तिला बसता येत नव्हतं, म्हणून तिने उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, या तिसऱ्याने चोरलं तर काहीच नव्हतं. होते तेवढे परत दिले. मग धनी त्याच्यावर एवढा का चिडला?"

काकांना इतक्या दिवसांत कुणी प्रश्नच विचारला नव्हता. त्यांचा चेहरा खुलला.

"व्हेरी गुड क्वेश्चन! अगं, पैसा राखायला दिलाच नव्हता, कामाला लावायला दिला होता. हा घाबरट. आपल्यावर ठपका यायला नको, एवढीच त्याला काळजी. असला कारभारी काय कामाचा?"

ते बराच वेळ बोलत राहिले, आणि इतकं चांगलं ते कधीच बोलले नव्हते. सगळी मंडळी कार्पेटकडे बघत होती. काकू उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

"कळलं," ती म्हणाली. "मग आता कमिटी नका बोलावू, काका. परवा क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे विमानात बसायचं नाही."

काकांनी चष्मा पुसला, खिशातून पेन काढलं.

"म्हणजे अर्ज मागे घेतला, असं धरू ना?"