सतरा पुरणपोळ्या आणि एक उमेदवार

सदुसष्ट साली उत्तर प्रदेशात विरोधकांचं संयुक्त सरकार आलं, त्यात माझ्या पोटाचाही वाटा आहे. हे कोणी मान्य करत नाही, पण मी सांगायचं सोडत नाही. मी तेव्हा बनारसला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो, मूळचा मिरजेचा. राजकारणातलं मला ओ की ठो कळत नसे. जेवणातलं मात्र सगळं कळत असे, आणि म्हणून प्रमोदिनीकाकू माझ्या लेखी लखनौच्या सगळ्या मंत्र्यांहून मोठी होती.

काकूची खानावळ दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. तेराव्या वर्षी ती वाईहून लग्न होऊन काशीत आली, ती परत म्हणून गेली नाही. नवरा गेल्यावर तिने घराच्या ओसरीत पंगत मांडायला सुरुवात केली. या गोष्टीच्या वेळी तिची एकसष्टी उलटली होती. अंगाने चिमणीएवढी, पण आवाज असा की खाली घाटावरचे नावाडी वर बघायचे. मराठी बोलायची, त्यात अर्धी हिंदी कालवलेली. "अरे, अजून थोडा भात घे ना, शरमतोस काहे को?" हे वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकलं.

खानावळीचा नियम एकच. बारा वाजता एकच पंगत, आणि शेवटच्या माणसाचं पान रिकामं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. वाढणाऱ्याला तेवढी सूट. एकदा बँकेचे एक मॅनेजर घाईत मध्येच उठले. दुसऱ्या दिवशी काकूने त्यांचा पाटच मांडला नाही. महिनाभर बिचारे गल्लीच्या तोंडाशी कचोरी खात उभे असायचे.

आमच्या पंगतीत तीन पुढारी होते. पहिले मिसिरजी, रामनगरचे, रोज नावेने गंगा ओलांडून यायचे. हे शिडीवाले, म्हणजे त्यांच्या पक्षाची निशाणी शिडी. दुसरे चटर्जीबाबू, बंगाली टोला नावाच्या मोहल्ल्यातले होमिओपॅथ, घागरवाले. घरी मासे, इथे वरणभात, आणि दोन्हीवर सारखंच प्रेम. तिसरा नीलकंठ, काकूच्या दिराचा मुलगा, वकील, छत्रीवाला. आईवेगळा म्हणून काकूनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. घरचा माणूस म्हणून तो पंगतीत सगळ्यात शेवटी बसायचा आणि त्याला वाढलंही शेवटी जायचं. त्याच्या अलीकडचा पाट माझा.

विधानसभेची निवडणूक आली आणि तिघांनीही अर्ज भरले. मोठ्या पक्षाला पाडायचं यावर तिघांचं एकमत होतं. कोणी पाडायचं यावर मात्र तीन मतं होती. बघता बघता तिघांचं बोलणं बंद झालं. मिसिरजी दहालाच येऊन जेवू लागले, चटर्जीबाबू अकराला, आणि नीलकंठ सगळे गेल्यावर एकला. काकू आणि तिच्या हाताखालची गंगा दिवसभर चुलीपाशी. वीस वर्षांत न मोडलेली पंगत शिडी, घागर आणि छत्रीने मोडली.

एका सकाळी पाहतो तर काकूने माळ्यावरची ट्रंक खाली काढलेली.

"मी पुण्याला भावाकडे जाते," ती म्हणाली. "एक पंगत असेल तर ही खानावळ. चार वेळा चार जणांना वाढायचं, तर ते ढाबा झालं."

"काकू, पुण्यात तुम्हाला करमेल?"

ती ट्रंकेवरची धूळ पुसत राहिली. "मागे भाऊ आला होता, तर माझ्या मराठीला हसला. तिथे मला कोण ओळखतं रे, रत्नाकरा? पण इथे तरी आता कोण आहे?"

मला भयंकर राग आला. तिघांचाही आला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या जेवणाचं काय होणार या विचाराने जास्तच आला.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी तिने गंगाकरवी तिघांना निरोप धाडला. आज बारा वाजता पुरणपोळीची शेवटची पंगत, उद्यापासून खानावळ बंद. तिघेही आले. शेवटची म्हटल्यावर न येऊन करतात काय! एकमेकांकडे न बघता पाटांवर बसले. दुपारी तीनपर्यंत कचहरीत जाऊन कोणी दोघांनी नाव मागे घेतलं नाही, तर विरोधाची मतं तीन ठिकाणी फुटणार होती. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत पोळी मोडत होता.

सव्वा वाजता चटर्जीबाबूंचं पान रिकामं झालं. दीडला मिसिरजींचं, पाठोपाठ नीलकंठचं. राहिलो मी. शेवटचा घास उचलणार तोच काकूने माझ्या पानात पोळी टाकली, वर तुपाची धार. ती संपवली, तर दुसरी. मी हात आडवा धरला, तर पोळी हातावरून घसरून पानातच पडली. काकू माझ्याकडे बघतच नव्हती, ती त्या तिघांकडे बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं पान रिकामं होत नव्हतं, म्हणून कोणाला उठता येत नव्हतं!

"दीदी, हामको जाना है," चटर्जीबाबू चुळबुळले.

"रत्नाकरचं होऊ द्या," काकू म्हणाली.

"काकी, ई लइका केतना खाई?" हा पोरगा खाणार तरी किती, म्हणून मिसिरजी कळवळले.

"बढता जीव आहे."

मी तेव्हा चौतिशीचा होतो! पण ऐन मैदानात पाठ दाखवायची तरी कशी? अकरावी संपली, बारावी आली. शर्टाची गुंडी तुटून थेट चटर्जीबाबूंच्या वाटीत पडली. गंगा पदर तोंडात कोंबून हसत होती. मिसिरजींना हसू फुटलं, मग चटर्जीबाबूंना, आणि महिनाभर एकमेकांकडे न बघितलेली माणसं माझ्याकडे बघून खो खो हसायला लागली. पुढच्या चार पोळ्या त्यांनी चक्क मोजल्या, टाळ्या वाजवून. "सोलह! रत्नाकर भइया, सोलह!" मी रडकुंडीला आलो होतो आणि हसतही होतो.

सतरावी पोळी वाढताना काकू नीलकंठपाशी थांबली. दोन वाजून गेले होते.

"नीलकंठा, तू नाव मागे घे."

त्याचं हसू मावळलं. "काकू, तू तरी माझ्या बाजूची ना?"

"म्हणून तर तुला सांगते. परक्याला कोणत्या तोंडाने सांगू?" तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "घरचा माणूस शेवटी जेवतो. लहानपणापासून तू शेवटी जेवलास, पण कधी उपाशी उठलास का रे?"

नीलकंठने रिकाम्या पानाची कड दुमडली. मग म्हणाला, "घेतो." त्याचे डोळे भरले होते, माझेही भरले, आणि माझे काही पुरणपोळीने नव्हे.

चटर्जीबाबूंनी डोकं खाजवलं. "ए भालो नाही हुआ," ते म्हणाले. "वकीलबाबू छोड़ेगा और हाम बैठा रहेगा? हामारा भी वापस. लेकिन मिसिरजी, टोले का नाली पहले बनेगा!"

"पहिले नाली, फेर रामनगर का पुल," मिसिरजी हात जोडून म्हणाले. एवढाच त्यांचा जाहीरनामा.

मी सतराव्या पोळीचा शेवटचा तुकडा गिळला आणि पंगत उठली. तिघेही गोदौलियाच्या चौकापर्यंत धावत गेले, तिथून एकाच रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसून कचहरीत पोचले तेव्हा तीनला आठ मिनिटं कमी होती. मी दोन दिवस खाटेवर आडवा होतो. काकूने ट्रंक माळ्यावर चढवायला सांगितली, तेव्हा मला हात वर करता येईना.

मिसिरजी निवडून आले. लखनौला संयुक्त सरकार बसलं, गल्लीत लाडू वाटले गेले, नाली निम्मी झाली. पण त्या सरकारात पक्ष फार आणि खुर्च्या कमी. वर्षही धरलं नाही. ते पडल्याची बातमी आली तेव्हा आमची पंगत नुकती बसली होती, आणि वरणभात कालवायच्या आतच भांडण जुंपलं. शिडीने दगा दिला, घागर फुटकी निघाली, छत्री ऐन वेळी उलटी झाली. नीलकंठ ओरडला, "माझी जागा सोडली ती याच्यासाठी?" मिसिरजींनी पान पुढे ढकललं. चटर्जीबाबू तर अर्धे उभेच राहिले.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. काखेत पाट, हातात पत्रावळ. तिने नीलकंठच्याही पलीकडे, ओसरीच्या टोकाला पाट ठेवला आणि बसली. वीस वर्षांत कोणी तिला पंगतीत बसलेलं पाहिलं नव्हतं. ती जेवायची ती मागून, चुलीपाशी, एकटी.

"मी जेवतेय," ती म्हणाली. "माझं होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

चटर्जीबाबू मुकाट खाली बसले. काकूने पत्रावळीवर पाणी शिंपडलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पान कोरंच होतं. गंगा नेमकी त्या दिवशी तिच्या गावी गेली होती, आणि पंगतीत बसलेल्या माणसाने स्वतःला वाढून घ्यायचं नसतं.

तेव्हा नीलकंठ उठला. मी त्याचा सदरा ओढला, तर म्हणाला, "वाढणाऱ्याला सूट असते." आत जाऊन तो भाताचं पातेलं घेऊन आला आणि वाकून काकूच्या पानात वाढू लागला. त्याला मूद पाडता येत नव्हती. भात पानभर पसरला. मिसिरजी वरण आणायला गेले, चटर्जीबाबू तुपाची वाटी शोधायला.

काकू त्या दिवशी पाऊण तास जेवली. मध्ये मध्ये माझ्याकडे बघून हसत होती. आम्ही चौघेही तिचं पान रिकामं होण्याची वाट बघत बसलो होतो, आणि कोणालाच घाई नव्हती.