पगाराचा आवाज

एक कीबोर्ड घरात आणला आणि बघता बघता एवढे किस्से साचले की मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सांग गो ता सुपारीचा!" हसतात मेल्या! मीही हसते, पण खरं सांगू? ह्यातला एकही किस्सा मला मान वर करून सांगता येत नाही.

* * *

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, मालवणजवळच्या आमच्या वाडीतून. पहिल्या बोनसमध्ये मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. त्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, आणि माझे स्विच सगळ्यात आवाजी! इंटरनेटवर लोक म्हणत होते, त्या आवाजाने कामाला मजा येते.

पहिल्याच सकाळी शेजारची सुलूकाकी काठी घेऊन धावत आली. "अगो, तुमच्या माळ्यार उंदीर इले! काजी फोडतत!"

काठी घेऊन माळ्यावर चढलीसुद्धा. मी खाली कीबोर्डवरचे हात उचलून बसले. टाइप करायची सोय नव्हती.

* * *

मग मीटिंग. वीस माणसं लाइनवर आणि सरांनी विचारलं, "कोणाकडे सुपारी कातरतायत का?"

म्यूट करायला विसरले होते. घाबरून म्हटलं, "सॉरी सर, आई आहे."

सर भला माणूस. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा. मीटिंगपुरती सुपारी बंद ठेवतील का?"

स्पीकर चालू होता. आई दारात उभी! मीटिंग संपल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडात सुपारी कधी बघलंस गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

* * *

पण आईला त्या आवाजाचा भारी अभिमान! तिचा जन्म मासळी विकण्यात गेला. मला नोकरी लागली तशी मी हट्टाने तिची पाटी बंद केली, डोक्यावरचं ओझं उतरवलं. आता पाहुणे आले की ती त्यांना ओटीवर बसवायची, बोट वर करायची आणि म्हणायची, "आयका! आतमधे पगार वाजता!"

एकदा पाहुणे अगदी भक्तिभावाने ऐकत होते. आत मी एका साडीच्या फोटोखाली कोणा अनोळखी बाईशी भांडत होते. त्या दिवशी पगार जरा जास्तच वाजला.

* * *

शेवटी सरांनी स्पष्टच सांगितलं, "ती सुपारी थांबवा आता." मग मी सायलेंट स्विच मागवले. त्यांच्या आत मऊ रबर असतं, त्यामुळे बटण दाबलं तरी आवाज येत नाही. आई बाजारहाटाला गेली होती तेव्हा सुपात सगळी बटणं काढून घेतली आणि एकेक स्विच बदलला. सुलूकाकी डोकावली, "वाल सोलतंस?" मी "हो" म्हणून मोकळी झाले.

घर असं शांत झालं की अंगणातली कोंबडी ऐकू यायला लागली. आईला सांगितलंच नाही. म्हटलं, दुपारी गाढ झोपेल आणि आपणहून विचारेल.

आईने काही विचारलं नाही. दारातून डोकावायची, माझ्या बोटांकडे बघायची आणि परत जायची.

* * *

आठवड्याभरात आईने पाटी पुन्हा काढली!

मी तडकले. "लोक काय म्हणतील? मुलगी कमावते आणि आई मासे विकते?"

"घरात बसान हातपाय आखडतत," ती म्हणाली. "बाजारात चार माणसां भेटतत."

सुरमई बंद झाली, रोज स्वस्तातले पेडवे. तेही मला वाढायची आणि स्वतः नुसतं सार-भात जेवायची. सुलूकाकी एकदा ओंजळभर काजू हातात ठेवून म्हणाली, "बाय, मनार घेव नको. सगळ्यांवर येळ येता." मला वाटलं, कुडाळच्या स्थळाने नकार कळवला, त्याचं बोलतेय. मी आपलं म्हटलं, "जाऊ दे काकी, बरं झालं!"

काकीने डोळ्याला पदर लावला.

* * *

मग देवळात वार्षिक उत्सव होता. सगळी वाडी जमली होती. आमच्याकडे जे मागायचं ते देवापुढे गाऱ्हाणं घालून, सगळ्यांच्या देखत. मी हाफ डे टाकून गेले आणि गर्दीतून आईच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने नारळ ठेवला. हात जोडले तेव्हा बांगड्यांना अजून मासळीची खवलं चिकटलेली होती.

गुरवाने खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज तुका नारळ ठेवल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" वाडी.

"तिच्या लेकीची, चेडवाची नोकरी गेली हा म्हाराजा! चेडू आवशीक सांगाक लाजता. बंद पडलेला मशीन पुढ्यात घेवन दिसभर नुसती बोटां नाचवता..."

"व्हय म्हाराजा!" सुलूकाकीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, नि घरात पैल्यासारखो आवाज घुमांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आईने मागे वळून बघितलं. मी दिसले तशी ती दचकली. मग माझा हात धरून तिने मला पुढे ओढलं आणि हळूच म्हणाली, "तू पण म्हण गो. तुझ्यासाठीच आसा."

मी हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."