स्पीकरवरचा फौजी

माझ्या धाकट्या भावाचा फोन एकट्या आमच्या घरी कधी आलाच नाही, तो अख्ख्या गल्लीला यायचा. आमच्या वडिलांना, बापूंना, ऐकू कमी येतं, म्हणून माय फोन स्पीकरवर टाकायची. तेवढ्यानं भागेना, म्हणून तो पितळी तांब्यात उभा करायची. रेंज फक्त ओट्यावर. मग काय, फौजीचा फोन म्हणजे गावाचाच फोन! शेजारची काकू पिठाच्या हातानं यायची, भरतीची तयारी करणारी पोरं घामेजून यायची, शेळीसुद्धा दावं ताणून मान लांब करायची. मला गावातच दिलंय, दोन गल्ल्या पलीकडं. तांब्यातला आवाज माझ्या शिलाई मशीनपर्यंत यायचा, खोटं नाही सांगत.

"कसा हाईस रं?" माय ओरडायची.

"मजेत!" तांब्या म्हणायचा.

"जेवला का?"

"जेवलो. मजेत!"

मग सगळे तुटून पडायचे. काकूला भाचीचं स्थळ सुचवायचं असे. बापूंना बांधाचं भांडण सांगायचं असे, "तू वर्दीत एक चक्कर मार, बराबर सरळ होतील!" पोरांना बंदुकीचं वजन हवं असे. तो सगळ्यांना गोड बोलायचा. एवढं तरणं पोरगं, घरापासून इतकं लांब, सुट्टी मागितली की नामंजूर, आणि कायम मजेत कसं, हा प्रश्न आमच्यातल्या एकाही शहाण्याला पडला नाही.

शेवटी सुट्टी मिळाली. वारंगा फाट्यावर तो उतरला तर समोर डीजे, ट्रॅक्टर, गुलाल आणि आमची माय! ती बाई माझ्या लग्नात नाचली नाही, पण फाट्यावर अशी नाचली की बसवाल्यांनी गाड्या थांबवून बघितलं. भाऊ गळ्यात हार घालून ट्रॉलीत उभा होता आणि आधार कार्डाच्या फोटोसाठी हसावं तसा हसत होता. घरी आला, अर्धी भाकर खाल्ली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

तो उठेचना. दाढी वाढली, अंघोळीचं नाव नाही. मायनं दृष्ट काढली. मिरच्या जळल्या, आम्ही खोकून खोकून बेजार, हा जागचा हलला नाही. बापू म्हणाले, "आराम करून राहिला, थकला असंन." मी म्हटलं, आराम करणारं माणूस असं दिसतं होय! कान धरून उठवलं, स्कूटीवर घातलं आणि सिद्धेश्वर धरणावर नेलं मासे खायला. वाटेत एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक सोडून हॉर्न दाबला, आम्ही दोघं हळदीच्या वावरात! अंगाला चिखल, डोक्यात पाला. तेव्हा तो हसला. खरं हसला. आणि मला लहानपणीचा भाऊ दिसला.

धरणावर मासे तळून देणारी एक मावशी बसते. तिच्यासमोर बसून तो ताटाकडं बघत बोलला.

"ताई, मला तिथं रडू येतं. काहून येतं ते कळत न्हाई. झोप लागत न्हाई. ड्युटीवर एकटा असलो की मनात लई वाईट येतं. हातात बंदूक असती, ताई."

"आरं मग सांगायचं न्हाई का!"

"कुणाला? तिथं सांगितलं तर कच्चा म्हणतील. हितं सांगावं तर तांब्या."

माझा घास घशातच अडकला. रडू फुटलं ते थांबेना. मावशीला वाटलं काटा लागला. तिनं पाठीत दणादण धपाटे घातले आणि कोरडा भात गिळायला लावला. रडता रडता मी धपाटे खाल्ले, भात खाल्ला, आणि भाऊ पोट धरून हसत होता. 

दुसऱ्या दिवशी नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं गेलो. घरी सांगितलं, दाढ दुखते. काकूनं वाटेला लवंगा बांधून दिल्या. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. हा आजार आहे, नाटक नाही, म्हणाल्या. औषध लिहून दिलं आणि पलटणीतल्या डॉक्टरला सांगायचंच, अशी ताकीद दिली. मग विचारलं, "घरी कुणाशी मोकळं बोलता?" आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि असे फुटलो हसायला की दोघांतलं कोणाला दाखवायला आणलंय तेच बाईंना कळेना.

तो परत गेल्यावर मायला मी सगळं सांगितलं.  ती उठली, तांब्या घासला आणि पाणी भरून देवापुढं ठेवला.

पुढचा फोन आला तेव्हा गल्ली नेहमीसारखी जमली. माय पदर खोचून उभी राहिली. "व्हा घरी! माझं लेकरू हाय ते, रेडिओ न्हाई!" काकू फुगली. बापू रुसून वावरात गेले. शेळीलाही सोडून हाकललं. मग मायनं आधी फोन उलटा धरला, मी दारातून खुणा करकरून सुलटा करवला.

"कसा हाईस रं?"

दारात मला त्याचं काही ऐकू येईना. नुसतं मायचं "हं... व्हय... बोल... मी हाय ना, बोल." ऊन ओट्यावरून उतरलं तरी ती तशीच बसून.

फोन ठेवून ती आत आली. जन्मात कधी हळू न बोललेली माझी माय माझ्या कानाला लागली, डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"बरं न्हाई म्हणला," ती म्हणाली.