ऐकण्याच्या वर्गातलं गाऱ्हाणं

हे गेल्यानंतर माझं देवाशी बोलणं बंद पडलं. देवळात जाणं मात्र सुटलं नाही. प्रभादेवीत राहून मंगळवार चुकवणं मला जमलंच नसतं. दूर्वा घेऊन मी रांगेत उभी राहायचे, पण गाभाऱ्यासमोर आले की आतून शब्दच उठायचा नाही. हात जोडायचे, मान लववायची आणि बाहेर पडायचं. घरी तरी बोलायला कोण होतं? मुलगा बंगळुरूला. रविवारी त्याचा फोन यायचा, "आई, जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" मी दोन्हींना हो म्हणायचे. कधी दुपारी कुरिअरवाल्याने बेल वाजवली की माझा आवाज बसलेला निघायचा, कारण त्या दिवशीचं ते पहिलंच बोलणं असायचं.

अशात कुणीतरी सांगितलं, की परळच्या एका इस्पितळात रुग्णांच्या नातेवाइकांजवळ बसून त्यांचं ऐकून घ्यायला माणसं हवी आहेत. त्याआधी दादरला एका हॉलमध्ये शिकवणी असते. मला हसूच आलं. जन्मभर सासरमाहेरचं ऐकत आलेय, आता ऐकायला काय शिकायचं? पण तेवढाच वेळ जाईल म्हणून गेले.

शिकवणाऱ्या शुभदाताई माझ्याहून बऱ्याच लहान, पण शिस्तीच्या. त्यांनी आमचे तिघातिघांचे गट केले. एकाने मनातलं खरं काहीतरी बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं बघायचं आणि काय दिसलं ते शेवटी सांगायचं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट सुरू करायची नाही, धीरसुद्धा द्यायचा नाही. माझ्या गटात विमा कंपनीतून निवृत्त झालेले लालबागचे परब होते आणि गिरगावच्या एक शिक्षिका होत्या. ऐकण्याच्या पाळीला मी सपशेल आपटले. शिक्षिकाबाई सुनेशी बोलणं तुटल्याचं सांगत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "होईल हो सगळं नीट. देवावर सोडा." त्या "हो ना" म्हणाल्या आणि थांबल्याच. शुभदाताई हळूच म्हणाल्या, "काकू, धीर छान दिलात. पण त्यांचं सांगायचं राहून गेलं." मला राग आला, आणि तो दिवसभर गेला नाही.

मग बोलायची पाळी माझी आली आणि ऐकायची परबांची. न्हाणीघराच्या गळतीवर बोलायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. "वरच्यांचं पाणी आमच्याकडे गळतं. सोसायटीत कुणी दाद देत नाही. तुम्हाला सांगते, हे असते तर भांडून काम करून घेतलं असतं." परब बिचारे घाबरले होते. सल्ला नाही, धीर नाही, मग म्हणायचं तरी काय? त्यांनी मान डोलावली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

शिक्षिकाबाई फिसकन हसल्या. परब कानापर्यंत लाल झाले. "सॉरी हां मॅडम, गावची सवय. देवळात गाऱ्हाणं घालतात ना, तेव्हा आम्ही मागे उभे असतो. आपोआप तोंडात येतं." मला गाऱ्हाणं ठाऊक होतं, माझं सासर मालवणाकडचं. तिथे गावातला वडीलधारा माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांची अडचण मोठ्याने मांडतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागची माणसं म्हणतात, व्हय म्हाराजा. होय महाराजा, हे असंच आहे. त्यापुढे काही नाही. मी परबांना म्हटलं, "राहू दे. तसंच म्हणा."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. गळती कुठल्या कुठे राहिली. यांना धाप लागली, मी शेजारी बसून जप करत होते आणि तरी हे गेले. व्हय म्हाराजा. मला विचारलंसुद्धा नाहीस. व्हय म्हाराजा. मुलाला सांगते मी ठीक आहे, आणि मी ठीक नाही. व्हय म्हाराजा. दार उघडायची भीती वाटते रे, आत कुणी नसतं. व्हय म्हाराजा. मी रडत होते आणि मला गप्प करायला कुणी आलं नाही.

वेळ संपल्यावर शिक्षिकाबाईंनी काय दिसलं ते सांगितलं. "काकू आधी परबांना 'तुम्ही' म्हणत होत्या. मध्येच 'तू' म्हणायला लागल्या."

परब खाली बघत म्हणाले, "ता माका नाय होता. मी आपलो मागे उभो होतंय."

याला कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. एका घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीने एक शब्द निघाला. पण त्या जागी ते नुसतं "हं" म्हणाले असते तर मी गळतीपाशीच थांबले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. शरण जायचं म्हणजे तक्रार गिळून हात जोडायचे, असं मी समजत होते. तक्रारीसकट जायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. देव गप्प राहतो याचाच मला इतके दिवस राग होता. आता वाटतं, तो मध्ये बोलत नव्हता, एवढंच. परबांचे आणि त्यांना माझ्यासमोर बसवणाऱ्याचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

पुढच्या मंगळवारी रांग संपून गाभाऱ्यासमोर आले. "पुढे चला, पुढे चला" सुरूच होतं. तेवढ्यात जेवढं मावलं तेवढं सांगितलं. उरलेलं घरी गेल्यावर सांगते म्हटलं आणि निघाले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच मला घरी जायची घाई होती.