तीन तास चालतं

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आईला नाही, बापाला तर नाहीच. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या झाहिदला – त्यालाही नाही. तुला सांगतोय. का सांगतोय ते विचारू नकोस, डोकं सणकलंय माझं, एवढंच समज.

परवा परत त्या कंपनीचा मेल आला. ‘प्रिय कुटुंबीयांनो.’ कुटुंबीय! अरे, कुणाचे कुटुंबीय? कुठल्या लग्नात जेवलो आपण एकत्र? म्हणे, नवीन मशीन येतंय. हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर, आधीपेक्षा पातळ, आधीपेक्षा वेगवान. आत्ताच पैसे भरा, मशीन नंतर मिळेल. खाली माझ्यासाठी खास एक ओळ होती – ‘आमच्या जुन्या कॅप्टनची साथ याही वेळी मिळेल ना?’ मी फोन सोफ्यावर आपटला. बायको म्हणाली, काय झालं? काही नाही, म्हटलं.

हा प्रकार तुला माहीत नसेल तर सांगतो. दुकानात वस्तू तयार असते. आपण ती हातात घेतो, उलटीसुलटी करतो, मग पैसे देतो. इथे वस्तूच नसते, चित्र असतं. जगभरातले येडे आधी पैसे भरतात, मग कंपनी वस्तू बनवायला घेते. आणि पैसे भरणाऱ्याला ते गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाठीराखा म्हणतात. का माहितीये? गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. पाठीराखा दुकानदाराच्या वतीने बाकीच्यांशी भांडतो. हे मला त्या वेळी कळलं नव्हतं असं म्हणू? नाही. कळलं होतं, आणि आवडलंही होतं.

आम्ही नवी मुंबईतल्या तळवलीचे. शेती गेली, त्या जागी बिल्डिंग आली, बिल्डिंगमध्ये भाडेकरू आले. मी कोण? तर भाडं गोळा करणारा जयेश. नळ गळला की जयेश, लिफ्ट अडकली की जयेश. पण कॉलेजपासून मला गेमचं आणि मशीनचं भयंकर वेड. मित्रांत कुणाला काही घ्यायचं झालं की आधी मला फोन. तेवढीच माझी इज्जत होती, बाकी सगळी बापाची.

तर काही वर्षांपूर्वी मीही असेच या कंपनीकडे पैसे भरले. मशीन सांगितल्यापेक्षा चौदा महिने उशिरा आलं. मी ते फुल चार्ज केलं, एक बऱ्यापैकी मोठा गेम लावला – आणि पन्नास मिनिटांत स्क्रीन काळी. परत चार्ज केलं. परत पन्नास मिनिटं. चार्जर लावून खेळलं तर चालायचं, पण इतकं तापायचं की हातात धरवत नव्हतं. हातात धरायचं मशीन, आणि हातात धरवत नाही! तेवढ्यात बाप दारात येऊन उभा. बघितलं त्याने खालीवर, आणि म्हणाला, ‘येवरं म्हागाचं खेलनं आनलंस, चालतं तरी का रं?’

‘तीन तास चालतं,’ मी म्हणालो.

कुठून आला हा आकडा? कंपनीच्या जाहिरातीतून. जाहिरातीत लिहिलं होतं म्हणून तोंडात आला. बाप गेला. पण दुसऱ्या दिवशी तो परत डोकावला, तेव्हा मी चार्जरची वायर उशीखालून ओढून घेतली होती, त्याला दिसू नये म्हणून. पस्तिशीचा घोडा, बापापासून वायर लपवतोय. हसू येतंय ना तुला? हस.

मग त्याच उशीवर मशीन ठेवून मी व्हिडिओ केला. मराठीतून. ‘हे घेण्यासारखं आहे का?’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि सांगितलं – डोळे झाकून घ्या, तीन तास चालतं. वायर उशीखालीच होती. लोकांना व्हिडिओ आवडला. कंपनीला इतका आवडला की त्यांनी मला त्यांच्या अ‍ॅपवरच्या भारतीय ग्रुपचा अ‍ॅडमिन केलं. तिथे कुणाचं खरं नाव दिसत नाही, फोन नंबर दिसत नाही. माझ्या नावापुढे एक सोनेरी चांदणी, आणि नाव – कॅप्टन. पगार? काही नाही, चांदणीच पगार.

काम सोपं होतं. मशीनची दुसरी खेप विकली जायला हवी, नाहीतर कंपनी बुडणार. कंपनी बुडली की आमची मशीन दुरुस्त करणारे अपडेट बंद. म्हणून कुणी ग्रुपवर तक्रार लिहिली की ती काढून टाकायची. म्हणजे बघ – आमचं फसलेलं मशीन सुधारावं म्हणून आम्ही नवीन माणसं फसवत होतो. रोज, सकाळी चहा पिता पिता. कुणी मला धमकावलं नव्हतं. मी हौसेने करत होतो.

आता झाहिद.

झाहिद म्हसळ्याकडचा. वाशीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, एकाच डब्यात जेवायचो. ईदला त्याच्याकडची तांदळाची गोड सांदणं माझ्या घरी येणार म्हणजे येणारच. लग्नानंतर तो जुईनगरला राहायला आला, महापेतल्या एका छोट्या गेम कंपनीत टेस्टर म्हणून लागला. टेस्टर म्हणजे काय, तर दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या. कुठे भिंतीतून माणूस आरपार जातो, कुठे गोळी लागून मरत नाही. झाहिदची नजर अशी की हॉटेलात मेनूकार्ड आलं तरी तो आधी त्यातल्या चुका वाचायचा. त्या कामावर त्याचा जीव होता.

ठाणे-बेलापूर रोडवर त्याच्या बाइकला टेम्पोने उडवलं. कंबरेचं हाड, उजवी मांडी, आत सळ्या. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाठीवर. बसायचं नाही. कंपनी बरी होती. त्यांनी सांगितलं, घरून टेस्टिंग कर, तुझी जागा ठेवतो. अट एकच – एका बैठकीत सलग दोन तास खेळ व्हायला हवा, मधे मशीन बंद पडलं तर ती बैठक धरली जाणार नाही. आता पाठीवर झोपलेला माणूस कॉम्प्युटर कसा चालवणार? लॅपटॉप छातीवर तोलून धरता येत नाही. हातात धरायचा कॉम्प्युटर मात्र धरता येतो. त्याने माझा व्हिडिओ बघितला आणि मला बोलावून घेतलं.

मी गेलो. तो खाटेवर, पायाला वजन लटकवलेलं. रुबीना भाभींनी चहा दिला. झाहिद म्हणाला, ‘जयेश, बाकी सगळं सोड. मला फक्त दोन तास सलग पाहिजेत. दोन तास काढेल ना हे?’

‘तीन काढतं.’

‘चार्जर न लावता ना?’

टेस्टर होता तो, बरोबर तिथेच बोट ठेवलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं – हो, बघितलं, खाली मान घातली असं खोटं सांगणार नाही – आणि म्हणालो, ‘अरे, चार्जर न लावता. मी कशाला खोटं बोलू तुझ्याशी?’

तेव्हा खरं बोलता आलं असतं. एक वाक्य. ‘नको घेऊस, भंगार आहे, मी फसलोय.’ किती सेकंद लागतात बोलायला? पण मग बापाला सांगितलेलं खोटं ठरलं असतं, व्हिडिओ खोटा ठरला असता, चांदणी गेली असती. आणि खरं सांगू? मला एकट्याला मूर्ख ठरायचं नव्हतं. आपण खड्ड्यात पडलो की दुसराही पडावा असं वाटतं ना, तसलं हलकट वाटणं होतं ते.

दुसऱ्या खेपेतलं मशीन त्याला वेळेवर मिळालं. चौथ्या दिवशी फोन – ‘बंद पडतंय रे. पन्नास मिनिटांत.’ मी म्हणालो, सेटिंग बघ. त्याने बघितली. मी म्हणालो, दुसरी सेटिंग बघ. मग त्याने चार्जर लावून चालवलं, तर छातीवर लाल चट्टा उठला. भाभींनी मशीनखाली टॉवेल घडी करून ठेवला, तर हवा कोंडून ते अजूनच लवकर बंद पडायला लागलं. मी काय म्हणालो असेन? ‘टॉवेल लावल्यावर बंद पडणारच ना! वापरायची एक पद्धत असते.’ भाभी बिचाऱ्या मलाच सॉरी म्हणाल्या. ज्या माणसाचा धंदाच चूक शोधण्याचा, त्याला मी पटवत होतो की चूक तुझ्यात आहे. आणि त्याला पटत चाललं होतं, कारण सांगणारा मी होतो.

मशीन परत करायला पंधरा दिवसांची मुदत होती. दहाव्या दिवशी त्याने विचारलं, परत पाठवू का? मी म्हणालो, थांब, अपडेट येतंय, त्यात हाच प्रॉब्लेम सुटणार आहे. कुठलंही अपडेट येत नव्हतं. पंधरा दिवस मला पाठ होते, रोज ग्रुपवर त्याच विषयाचे मेसेज मीच काढत होतो.

बाराव्या दिवशी झाहिदने ग्रुपवर लिहिलं. नाव दुसरं होतं, पण मी ओळखलं. कुणीही ओळखलं असतं, असं दुसरं कोण लिहितं? अकरा बैठका, प्रत्येकीची वेळ, खोलीचा पंखा चालू की बंद, कुठला गेम, टॉवेल होता की नव्हता. शिवीगाळ नाही, एक वाकडा शब्द नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं, एक्कावन्न, पन्नास, एकोणपन्नास. खाली शेवटी एक प्रश्न – ‘मी वापरण्यात चूक करतोय का? कृपया कुणीतरी सांगा. मला कामासाठी गरज आहे.’

त्या मशीनबद्दल जगात कुणी लिहिलेली ती सगळ्यात खरी गोष्ट होती. मी ती काढून टाकली. दोन मिनिटंही राहू दिली नाही. वर त्यालाच ग्रुपमधून बाहेर काढलं, कारण लिहिलं – ‘अफवा पसरवणे.’

तासाभरात त्याचा फोन आला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं. ‘कोण रे हा कॅप्टन? कुठला नालायक आहे? मी इथे पडून पडून लिहिलं ते, दोन दिवस लागले मला!’ आणि मी – ऐक, इथेच माझी लायकी कळेल तुला – मीसुद्धा शिव्या घातल्या. ‘असतात रे असले हरामखोर,’ म्हणालो, ‘चांदणीसाठी आईबापाला विकतील. सोड, तू टेन्शन घेऊ नकोस.’ त्याला बरं वाटलं. म्हणाला, ‘तू आहेस म्हणून, यार.’

पंधरावा दिवस उलटला, मुदत संपली. त्याच्या कंपनीने तीन आठवडे वाट बघितली, एकही बैठक पूर्ण झाली नाही, आणि जागा दुसऱ्याला दिली. माझ्या कपाटात तेव्हा एक चांगला, जुना, जरा जाड पण दोन तास आरामात चालणारा दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर पडून होता, हातात धरायचाच. तो त्याला नेऊन द्यायचं माझ्या डोक्यात आलं होतं. पण दिला असता तर त्याने विचारलं असतं ना – तुझं तीन तासवालं असताना हे कशाला ठेवलंयस? म्हणून नाही दिला.

आता तो चालतो, उजवा पाय जरा ओढून. तुर्भ्याला मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसतो. मागे बाथरूमच्या टाइल्स घ्यायला गेलो तर खोक्यातली तडा गेलेली टाइल त्याने न उचलता, लांबूनच ओळखली. गिऱ्हाईक वाहवा करत होतं. तो हसला, आणि ते हसणं मला बघवलं नाही. गेम तो आता खेळत नाही. कुणी विषय काढला तर म्हणतो, मला नीट वापरताच आलं नाही ते मशीन.

मी अ‍ॅडमिनपद सोडलं त्यानंतर वर्षभराने, तेही कंटाळा आला म्हणून. पश्चात्ताप वगैरे काही नाही. व्हिडिओ अजून आहे. अजूनही लोक खाली लिहितात, दादा तुमच्यामुळे घेतलं.

आणि परवा तो मेल आल्यावर, अर्ध्या तासात झाहिदचाही फोन आला. त्यालाही मेल गेला होता. बऱ्याच वर्षांनी त्याच्या आवाजात तो जुना उत्साह होता. म्हणाला, ‘नवीन येतंय म्हणे. रुबीना म्हणते घे, परत काम शोध. ग्रुपवरच्या त्या चोरांवर माझा भरवसा नाही. तू सांग, घेण्यासारखं आहे का?’

‘बघून सांगतो,’ म्हणालो मी. परत खरं टाळलं.

ग्रुपवरचा त्याचा तो मेसेज पुसायच्या आधी मी त्या मेसेजचा फोटो काढून ठेवला होता. का, ते मलाही माहीत नाही. आत्ता समोर आहे. अकरा ओळी, एकही चूक नाही. झाहिद, तू ते मशीन बरोबर वापरत होतास. ते तीन तास कधीच चाललं नाही. पहिल्या दिवशी, माझ्या हातात, पन्नास मिनिटं चाललं होतं.